एलईडी मॅट्रिक्स घेण्याआधी: किनाऱ्यावरच्या हौशी कारागिरांसाठी

गणपती दोन महिन्यांवर आले की ठरावीक तक्रारी कानावर येऊ लागतात. ‘ऑनलाइन दिसले ते रंगीत पॅनेल मागवले. इंग्रजी अक्षरे छान पळतात, मराठी मात्र उमटतच नाही.’ ‘पांढरा रंग लावला की पॅनेलचे दुसरे टोक लालसर पडते.’ ‘गेल्या वर्षी चांगले चालत होते, यंदा खोक्यातून काढले तर अर्धे बंद.’ आगरदांड्यापासून मुरूडपर्यंत आणि खाडीपलीकडे दिघी-श्रीवर्धनकडेही मखराची आरास, शाळेचे विज्ञान प्रदर्शन, घरगुती पर्यटनाची पाटी किंवा बोटीच्या वेळांचा फलक यासाठी ही छोटी रंगीत पॅनेल हौसेने घेतली जातात. बिघडतात तेव्हा दोष बहुधा कोडच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात चूक त्याआधीच झालेली असते: मजकुराला पुरतील इतक्या ओळी नसतात, वीज पुरत नाही किंवा खाऱ्या हवेचा विचार केलेला नसतो.

म्हणून या लेखाचा क्रम खरेदीपासून सुरू होतो. कोड शेवटी बदलता येतो. चुकीचे घेतलेले पॅनेल बदलता येत नाही.

खरेदीआधी कागदावर लिहा

पुढच्या तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढल्याशिवाय दुकानात जाऊ नका.

१. काय दाखवायचे? नुसते आकडे, मराठी मजकूर, की रंगीत चित्र?

२. किती लांबून पाहायचे? ढोबळ नियम असा: दोन दिव्यांमधले अंतर जितके मिलिमीटर, निदान तितक्या मीटरांवरून पाहिले तर ठिपके मिसळून चित्र सलग दिसते. पी३ म्हणजे तीन मिलिमीटर, पी१० म्हणजे दहा मिलिमीटर अंतराचे पॅनेल. अक्षरांसाठी दुसरा ठोकताळा: दर तीन मीटर अंतराला अडीच सेंटिमीटर उंची धरली तर वाचायला ताण पडत नाही.

३. कुठे लावायचे? माजघरात, पडवीत, की उघड्यावर? दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीसाठी थांबलेल्या गाड्यांना दिसेल असा फलक आणि देवघरातली आरास यांना एकच पॅनेल चालणार नाही. घरात डोळे दिपवणारे पॅनेल दुपारच्या उन्हात विझल्यासारखे दिसते.

बाजारात मिळणारे चार प्रकार

मॅक्स७२१९ चिपचे पॅनेल. आठ बाय आठ दिव्यांचे तुकडे, बहुधा चार जोडून विकलेले. एकाच रंगाचे, बहुतेकदा लाल. स्वस्त, वीज कमी खाणारे आणि साध्या आर्डुइनो उनोवर चालणारे. शिकायला आणि घड्याळाला उत्तम. रंगीत कामाला नाही.

डब्ल्यूएस२८१२बी पॅनेल. यात प्रत्येक दिव्यात लाल, हिरवा, निळा आणि त्यांना सांभाळणारी चिप असते. बाजारात हे ‘निओपिक्सेल’ नावानेही मागतात. आठ बाय आठ, सोळा बाय सोळा आणि आठ बाय बत्तीस हे आकार नेहमीचे. लवचीक पट्टीवरच्या पॅनेलमध्ये दिव्यांतले अंतर दहा मिलिमीटर असते, म्हणजे आठ बाय बत्तीसचे पॅनेल ३२ सेंटिमीटर लांब आणि ८ सेंटिमीटर उंच. डेटाची एकच वायर लागत असल्याने नवशिक्यांना रंगीत कामासाठी हेच सोपे.

हब७५ जोडणीचे रंगीत पॅनेल. चौसष्ट बाय बत्तीस दिव्यांचे पी३ पॅनेल १९२ बाय ९६ मिलिमीटरचे असते. चित्र बारीक आणि सुरेख दिसते. मात्र यातले सगळे दिवे एका वेळी पेटत नाहीत. ओळींचे गट आळीपाळीने इतक्या वेगाने पेटवावे लागतात की डोळ्याला कळू नये. ते काम साध्या उनोला झेपत नाही. मोबाइलने फोटो काढल्यास काळे पट्टे दिसतात. तो बिघाड नव्हे.

पी१० एकरंगी पॅनेल. दुकानांवर सरकती अक्षरे दिसतात ते हे. बत्तीस बाय सोळा दिवे, ३२० बाय १६० मिलिमीटर. उजेड भरपूर, म्हणून उघड्यावरच्या मजकुराला योग्य. घेताना ‘आउटडोअर’ की ‘सेमी-आउटडोअर’ ते विचारा. सेमी-आउटडोअरच्या दर्शनी बाजूला पाणी चालत नाही. ते छपराखालीच लावायचे.

मराठी मजकुराला किती ओळी लागतात

सर्वात जास्त पैसे इथे वाया जातात. रोमन अक्षरे सात-आठ ओळींत बसतात, म्हणून आठ ओळींची पॅनेल जगभर खपतात. देवनागरीचा हिशेब वेगळा आहे. शिरोरेषेला एक ओळ, वरच्या वेलांटी-मात्रा-रफाराला दोन-तीन, खालच्या उकाराला दोन. आठांतून हे वजा केले तर अक्षराच्या अंगाला दोन-तीन ओळी उरतात, आणि त्यात ‘ग’ व ‘म’ वेगळे ओळखू येत नाहीत. म्हणून:

- नुसते आकडे (घड्याळ, तापमान, क्रमांक): आठ ओळी पुरतात. १ ते ९ हे देवनागरी अंक आठ ओळींत सुबक बसतात.
- मराठी शब्द: निदान सोळा ओळी. आठ बाय बत्तीसची दोन पॅनेल एकावर एक लावा किंवा पी१० घ्या.
- जोडाक्षरे जास्त असतील, किंवा दोन ओळींत मजकूर हवा असेल: बत्तीस ओळींचे हब७५.

रुंदीही मोजा. सोळा ओळींच्या वळणात ‘आगरदांडा’ एवढ्या शब्दाला पन्नासच्या आसपास उभ्या रांगा लागतात. बत्तीस रांगांच्या पॅनेलवर तो एका वेळी मावणार नाही, सरकवावा लागेल.

दुसरी अडचण लिपीच्या जोडणीची. आर्डुइनोच्या नेहमीच्या लायब्ररींना अक्षरे एकापुढे एक मांडता येतात. वेलांटी अक्षराच्या आधी घेणे, जोडाक्षर घडवणे, रफार पुढच्या अक्षरावर नेणे त्यांना येत नाही. त्यामुळे मराठी मजकूर थेट कोडमध्ये टाइप करून उपयोग नाही. त्याचे चित्र करून पाठवा:

१. संगणकावर चित्राच्या प्रोग्रॅममध्ये (जिंप मोफत मिळतो) सोळा पिक्सेल उंचीचा काळा कॅनव्हास घ्या.

२. ‘मुक्ता’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’सारख्या फाँटमध्ये मजकूर लिहा. कडा मऊ करण्याची सोय, म्हणजे अँटिएलियासिंग, बंद ठेवा. नाहीतर कडांना अर्धवट उजेडाचे ठिपके येतात.

३. चित्र मोठे करून एकेक ठिपका हाताने नीट करा. अनुस्वार शिरोरेषेला चिकटला आहे का, ‘दर्या’तला रफार आणि ‘दऱ्या’तला ‘ऱ्य’ वेगळे दिसतात का, हे इथेच पाहा.

४. काळे-पांढरे चित्र बाइटच्या यादीत बदलून कोडमध्ये टाका. सोळा बाय एकशे अठ्ठावीस ठिपक्यांचे एकरंगी चित्र अवघ्या २५६ बाइटमध्ये बसते.

मजकूर रोज बदलायचा असेल तर रास्पबेरी पाय वापरा. त्यावर पायथनची ‘पिलो’ लायब्ररी मराठी मजकुराचे चित्र जागीच करून देते; मात्र तिच्यासोबत ‘राक्म’ हा लिपी जुळवणारा भाग हवा, नाहीतर जोडाक्षरे फुटतात.

कोडची हौस नसेल आणि फक्त पाटी हवी असेल तर पी१० पॅनेलसोबत तयार कंट्रोल कार्ड घ्या. मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये मराठी लिहायचे; अ‍ॅपच त्याचे चित्र करून कार्डाला पाठवते. दुकानदाराला पैसे देण्याआधी तुमचेच वाक्य त्या कार्डावर लिहून दाखवायला सांगा.

नियंत्रक कोणता घ्यायचा

- आर्डुइनो उनो: मॅक्स७२१९, पी१० आणि डब्ल्यूएस२८१२बीच्या लहान पॅनेलपुरता. त्याची कामाची स्मृती २,०४८ बाइट. प्रत्येक रंगीत दिव्याला तीन बाइट लागतात, म्हणजे ५१२ दिव्यांना १,५३६. उरलेल्या जागेत बाकीचा प्रोग्रॅम गुदमरतो आणि मधूनच अडकतो.
- ईएसपी३२: बहुतेकांनी हाच घ्यावा. स्मृती भरपूर, वायफाय अंगचेच, हब७५ पॅनेलही चालवतो.
- रास्पबेरी पाय: मोठे हब७५ पॅनेल, सतत बदलणारा मराठी मजकूर किंवा व्हिडिओ असेल तरच.

रंगांची आरासच हवी असेल तर ईएसपी३२वर ‘डब्ल्यूएलईडी’ हा मोफत प्रोग्रॅम चढवा. एक ओळही कोड लिहावा लागत नाही. तो स्वतःचे वायफाय तयार करतो, त्यामुळे इंटरनेट नसले तरी मोबाइलवरून रंग बदलता येतात. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. त्यातला सरकता मजकूर रोमन लिपीपुरता आहे. आणि त्याचा मूळ पासवर्ड सगळ्यांना ठाऊक असतो; मंडपात लावण्याआधी बदला, नाहीतर समोर बसलेला कोणीही तुमची आरास चालवू लागेल.

घड्याळ किंवा बोटीच्या वेळा दाखवायच्या असतील आणि जागेवर इंटरनेटचा भरवसा नसेल तर डीएस३२३१ हे घड्याळाचे मॉड्यूल जोडा. वर्षाला साधारण मिनिटभराचा फरक पडतो, आणि लाइट गेली तरी बटणसेलवर वेळ चालू राहते. स्वस्त मॉड्यूलमध्ये सेल चार्ज करणारा भाग असतो, आणि सीआर२०३२ सेल चार्ज करण्याजोगा नसतो. तेव्हा चार्ज होणारा एलआयआर२०३२ वापरा किंवा तो चार्जिंगचा भाग कोणाकडून काढून घ्या.

वीज: आधी हिशेब, मग जोडणी

डब्ल्यूएस२८१२बीचा एक दिवा पूर्ण पांढरा पेटला तर ६० मिलिअँपिअरपर्यंत घेतो. त्यावरून:

- आठ बाय आठ (६४ दिवे): ३.८४ अँपिअर
- सोळा बाय सोळा किंवा आठ बाय बत्तीस (२५६ दिवे): १५.३६ अँपिअर, म्हणजे ७५ वॉटहून जास्त
- चौसष्ट बाय बत्तीसचे हब७५: पूर्ण पांढऱ्याला सुमारे ४ अँपिअर, कारण त्यात सगळे दिवे एकदम पेटत नाहीत

घाबरू नका, सगळे दिवे पूर्ण पांढरे कोणी पेटवत नाही. आठ बाय बत्तीसची दोन पॅनेल (५१२ दिवे) मखरावर लावून भगवी अक्षरे सरकवली तर एका वेळी पाचवा हिस्सा दिवे पेटतात. लाल पूर्ण आणि हिरवा तिसरा हिस्सा धरला तर दिव्यामागे २७ मिलिअँपिअर होतात. उजेड एकतृतीयांश ठेवला की अक्षरांना अँपिअरभर वीज लागते. बंद दिव्यांतल्या चिपही थोडी वीज घेतच असतात. त्यांचा अर्धा अँपिअर धरा. एकूण दीड. पाच व्होल्ट, चार अँपिअरचा अडॅप्टर इथे आरामात पुरतो. ‘फास्टएलईडी’ लायब्ररीत आणि डब्ल्यूएलईडीमध्ये विजेची कमाल मर्यादा घालता येते. ती ३ अँपिअरवर बांधून टाका, म्हणजे चुकून पांढरा रंग लागला तरी उजेड आपोआप उतरेल.

वायरीचा हिशेबही तितकाच महत्त्वाचा. पाच व्होल्टमध्ये अर्धा व्होल्ट गळला तरी रंग बिघडतात. अडॅप्टर पाच मीटर लांब असेल तर जाण्या-येण्याची मिळून दहा मीटर तार होते. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत पाच अँपिअरला सुमारे ०.६ व्होल्ट गळतात. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या बारीक तारेत जवळजवळ २. पांढरा रंग टोकाला लालसर पडतो तो यामुळे: निळ्या आणि हिरव्या दिव्यांना लालपेक्षा जास्त व्होल्ट लागतात, तेव्हा आधी तेच मंदावतात. उपाय तीन: अडॅप्टर पॅनेलजवळ आणा, तार जाड घ्या, आणि पॅनेलच्या मध्यावर वीजजोडणीच्या जास्तीच्या दोन वायर दिलेल्या असतात त्याही जोडा.

अडॅप्टर की एसएमपीएस? चार-पाच अँपिअरपर्यंत बंद प्लास्टिकचा अडॅप्टर घ्या. त्यावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. जाळीच्या पत्र्यातला मोठा एसएमपीएस घेतलात तर त्याच्या स्क्रूंवर घरची २३० व्होल्ट वीज उघडी असते. त्याला झाकण, अर्थिंग, फ्यूज आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. ही जोडणी परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. शाळेच्या प्रकल्पात मुलांच्या हाती उघडा एसएमपीएस देऊ नका.

जोडणीचा क्रम

१. अडॅप्टरचे व्होल्ट मल्टिमीटरने मोजा. ५.० ते ५.१ असावेत. बारा व्होल्टचा अडॅप्टर एकदा जरी लागला तरी पॅनेल गेलेच समजा.

२. अडॅप्टरच्या दोन टोकांवर १,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. त्याची उणे बाजू तपासा.

३. सर्वात आधी ग्राउंड जोडा: पॅनेल, अडॅप्टर आणि नियंत्रक तिन्हींचे एकत्र. हे विसरल्यास दिवे वेडेवाकडे लुकलुकतात.

४. डेटाच्या वायरीत ३०० ते ५०० ओहमचा रेझिस्टर पॅनेलजवळ घाला. नियंत्रक ते पॅनेल अंतर हातभरच ठेवा.

५. ईएसपी३२ ३.३ व्होल्टचा संदेश देतो. पाच व्होल्टवरच्या डब्ल्यूएस२८१२बीला निदान ३.५ अपेक्षित असतात. कधी चालते, कधी नाही. मध्ये ७४एएचसीटी१२५ ही चिप घाला म्हणजे वाद मिटला.

६. पॅनेलची वीज नियंत्रकाच्या पाच व्होल्टच्या पिनेतून किंवा लॅपटॉपच्या यूएसबीतून घेऊ नका. थेट अडॅप्टरवरून घ्या.

७. पहिली चाचणी कमी उजेडात, एकाच रंगात करा.

खारी हवा आणि पावसाळा

घाटावरच्या माहितीत न सापडणारा भाग हा. किनाऱ्यावर पाऊस थेट लागला नाही तरी हवेतले मीठ आणि ओल तांब्याच्या जोडांवर हिरवा थर चढवतात. दिवा शाबूत असतो. त्याचा पाय किंवा कनेक्टर गेलेला असतो.

- जोड: वायरी नुसत्या पिळून टेप लावू नका. सोल्डर करा आणि वर आतून गोंद असलेली उष्णतेने आवळणारी नळी चढवा.
- लेप: सर्किटच्या मागच्या बाजूला अ‍ॅक्रिलिक किंवा सिलिकॉनचा कन्फॉर्मल कोटिंग स्प्रे मारा. कनेक्टर, स्विच आणि दर्शनी दिवे आधी टेपने झाका. कनेक्टरमध्ये लेप गेला की जोडच बंद पडतो.
- पेटी: उघड्यावर आयपी६५ दर्जाची प्लास्टिक पेटी घ्या, ६ म्हणजे धूळ आत जात नाही, ५ म्हणजे पाण्याचा फवारा सोसते. वायरी खालच्या बाजूने घाला आणि पेटीत शिरण्याआधी त्यांना खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी वायरीवरून आत न जाता तिथेच गळेल.
- आतला घाम: घट्ट बंद पेटी दिवसा तापते, रात्री थंड होते आणि आत पाणी धरते. तळाला हवा खेळती ठेवणारा व्हेंट प्लग बसवा. सिलिका जेलची पुडी ठेवा आणि ओली झाली की बदला.
- स्क्रू: ३१६ दर्जाचे स्टेनलेस खाऱ्या हवेत ३०४ पेक्षा जास्त टिकते.
- साठवण: विसर्जनानंतर पॅनेल पुसून, वाळवून, सिलिका जेलसह झिपच्या पिशवीत ठेवा. वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकू नका. कागद ओल धरतो. लवचीक पॅनेल घट्ट गुंडाळू नका, सोल्डरचे जोड तुटतात. दोन-तीन महिन्यांतून एकदा काढून दहा मिनिटे पेटवा.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले होते. वादळाचा इशारा आला की उघड्यावरचा फलक उतरवून घ्या. निव्वळ वीज बंद करून भागत नाही.

बिघाड कसा ओळखावा

- लाल मागितला, हिरवा आला: रंगांचा क्रम चुकला. डब्ल्यूएस२८१२बीचा क्रम हिरवा-लाल-निळा असतो; कोडमध्ये तो निवडा.
- अक्षरे विस्कटलेली, एकाआड एक रांग उलटी: पॅनेलमधली जोडणी नागमोडी आहे. लायब्ररीत ‘झिगझॅग’ मांडणी निवडा.
- मॅक्स७२१९वर अक्षरे आरशातल्यासारखी: मॉड्यूलचा प्रकार चुकीचा दिला. बाजारातल्या बहुतेक चार-तुकडी पॅनेलना ‘एफसी१६’ लागू पडतो.
- काहीच पेटत नाही: केबल ‘आउट’ बाजूला लावली असेल. पाठीवरचा बाण पाहा, ‘इन’लाच जोडा.
- हब७५ काळेच, किंवा अक्षरांमागे सावली: काही पॅनेलांत एफएम६१२६ए चिप असते; तिला सुरुवातीला वेगळी आज्ञा लागते. लायब्ररीत तो पर्याय चालू करा.
- एका दिव्यापासून पुढचे सगळे बंद: तो दिवा किंवा त्याच्या आधीचा दिवा गेला. पॅनेल फेकू नका. कोणताही मोबाइल दुरुस्तीवाला गरम हवेच्या गनने एक दिवा बदलून देऊ शकतो.
- दोन पॅनेलांचे रंग जुळत नाहीत: वेगवेगळ्या खेपेचा माल. लागतील तितकी, अधिक एक, एकाच वेळी घ्या.

लावण्याआधी कोणाला विचारायचे

जेट्टी किंवा सार्वजनिक जागा. जेट्टीवर काहीही लावण्याआधी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या स्थानिक बंदर कार्यालयाची, आणि गावातल्या जागेसाठी ग्रामपंचायतीची लेखी परवानगी घ्या. ‘आपलाच फलक, सगळ्यांच्या सोयीचा’ हे कारण पुरत नाही.

खाडीकडे तोंड नको. रात्री नावेच्या डाव्या बाजूला लाल आणि उजव्या बाजूला हिरवा दिवा असतो. नौकानयनाच्या खुणांतही हे रंग वापरतात. राजपुरी खाडीकडे तोंड करून लखलखते लाल-हिरवे पॅनेल लावले तर तांडेलाची फसगत होऊ शकते. फलकाचे तोंड रस्त्याकडे ठेवा. नारळी पौर्णिमेला होडी सजवताना हेच लक्षात ठेवा: समुद्रावरील टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार, नावेच्या ठरलेल्या दिव्यांशी गल्लत होईल, ते झाकोळतील किंवा टेहळणीला अडथळा येईल असे इतर दिवे रात्री लावता येत नाहीत. होडी किनाऱ्याला बांधलेली असताना आरास पेटवा. समुद्रात निघताना बंद करा.

मंडपाची वीज. सार्वजनिक मंडळांनी महावितरणकडून तात्पुरती अधिकृत जोडणी घ्यावी. शेजारच्या घरातून ओढलेली लांब वायर नियमबाह्य आहे.

मखर. महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर २०१८ पासून बंदी आहे. पुठ्ठा, कापड, कागद वापरत असाल तर पॅनेलच्या मागे बोटभर जागा सोडा आणि रात्री झोपताना बंद करा.

लुकलुकाट. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारे परिणाम टाळा. फिट येण्याचा त्रास असणाऱ्यांना त्याने झटका येऊ शकतो.

कुठे घ्यायचे आणि फसगत झाली तर

मुंबईला जाणे होत असेल तर ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. दुकानात घेण्याचा फायदा असा की पॅनेल पेटवून पाहता येते. लाल, हिरवा, निळा, पांढरा असे चारही रंग पूर्ण पॅनेलवर लावून मेलेले दिवे मोजा. ऑनलाइन मागवलेत तर खोके उघडण्यापासून पहिल्या चाचणीपर्यंतचा व्हिडिओ सलग काढा.

तुमचे हक्क:

- बिल मागा. बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.
- ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे बिलावर छापलेले असले तरी सदोष वस्तूला ते लागू होत नाही. बिलात मुदत दिली नसेल तर तीस दिवसांत सदोष वस्तू परत घेऊन पैसे देणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे.
- ऑनलाइन विक्री. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल तर विक्रेता ती परत घेणे नाकारू शकत नाही. तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिनाभरात निवारण द्यायला हवे. मूळ देशाचे नाव पानावर हवे.
- पुढची पायरी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे निभावले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. रायगडचा अलिबागला आहे. विक्रेता कुठलाही असो, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला शुल्क नाही. मुदत दोन वर्षे.

दोन इशारे. पुन्हा विकण्यासाठी घेतलेल्या मालाला ‘ग्राहक’ म्हणून हे संरक्षण मिळत नाही. स्वयंरोजगारावर पोट चालवण्यासाठी स्वतः वापरलेल्या वस्तूला मिळते. आणि परदेशी संकेतस्थळावरून थेट मागवलेल्या पॅनेलवर सीमाशुल्क भरावे लागू शकते, परत पाठवणे तर जवळजवळ अशक्य.

मेलेले पॅनेल आणि सेल समुद्रावर किंवा कचऱ्यात टाकू नका. ई-कचरा गोळा करणाऱ्या नोंदणीकृत केंद्रालाच द्या.

तर मग काय घ्यायचे?

- सातवी-आठवीचा विद्यार्थी, पहिलाच प्रकल्प: मॅक्स७२१९ची चार-तुकडी, उनो आणि घड्याळाचे मॉड्यूल. देवनागरी अंकांचे घड्याळ करा. वीज कमी, धोका कमी.
- भरती-ओहोटी दाखवणारे घरगुती यंत्र: आठ बाय बत्तीसचे एक डब्ल्यूएस२८१२बी आणि ईएसपी३२. पाण्याची पातळी निळ्या पट्टीने दाखवा; उधाण आणि भांग यांना वेगळे रंग द्या. वेळा अधिकृत तक्त्यावरूनच भरा, आणि होडी काढायची की नाही हे या यंत्रावरून ठरवू नका.
- मखरावरचा मराठी मजकूर: आठ बाय बत्तीसची दोन पॅनेल एकावर एक, ईएसपी३२, पाच व्होल्ट चार अँपिअरचा अडॅप्टर, मर्यादा ३ अँपिअर.
- शाळेच्या सभागृहातले रंगीत चित्र: हब७५चे चौसष्ट बाय बत्तीस, ईएसपी३२.
- रस्त्याकडेची पाटी: दोन किंवा तीन आउटडोअर पी१०, तयार कंट्रोल कार्ड, आयपी६५ पेटी, आणि वायरमन.

यातले एकही लागू पडत नसेल तर वरच्या तीन प्रश्नांची उत्तरे पुन्हा वाचा, आणि मनात शंका असेल तिथे मोठे पॅनेल घेण्याऐवजी जाड वायर आणि चांगला अडॅप्टर घ्या. पॅनेल पुढच्या वर्षी वाढवता येते.